इंचाला किती धागे

खारगेअण्णांनी पिशवीतून एक सीडी काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि माझ्या काउंटरवर ठेवली.

"हे त्या नव्या डिस्कवर काढून दे," ते म्हणाले. "निळ्या डबीतनं येती ती. त्यात माणसाचा केसन् केस मोजता येतो म्हणं."

त्यांना ब्लू-रे म्हणायचं होतं. साल दोन हजार दहा. इचलकरंजीत मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं 'छाया व्हिडिओ' होतं. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, एकसष्ट्या शूट करायच्या, कापून-जोडून मिक्सिंग करायचं आणि डिस्का करून द्यायच्या. आदल्या दिवाळीला मी हौसेनं ब्लू-रेचा रायटर आणि प्लेअर आणला होता, बोर्डावर तसं रंगवूनही घेतलं होतं. चार महिन्यांत एक गिऱ्हाईक तिकडे फिरकलं नव्हतं. अण्णा पहिलेच.

मी सीडी उलटी केली. माझ्याच हातची होती. 'चि. रमाकांत यांचा शुभविवाह, मे २००७.' व्हीसीडी. आमच्या धंद्यात कुणाची कुणावर किती माया आहे ते डिस्कांवरून कळतं. मुलाकडचे लोक डीव्हीडी स्वतःला आणि व्याह्यांना घेतात, आणि ज्या पाहुण्यांनी आहेरात स्टीलची वाटी दिली त्यांच्यासाठी व्हीसीडी. अण्णांनी मात्र स्वतःच्या घरीसुद्धा व्हीसीडीच नेली होती. तीसुद्धा शेजारपाजारी कुणाला दाखवली नव्हती, हे मला शेजाऱ्यांकडूनच कळलं होतं.

अण्णा गावातलं मोठं नाव. पैशानं नव्हे, डोळ्यानं. चाळीस वर्षं त्यांनी एका कारखानदाराच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासलं. मागावरून उतरलेला कापडाचा ताका समोरून सरकायचा आणि तुटका धागा, जोडधागा, तेलाचा ठिपका दिसला की अण्णांचं बोट तिथं पडायचं. इंचात उभे धागे किती नि आडवे किती हे बाकीचे भिंग लावून मोजत. अण्णा नुसते बघून सांगत आणि भिंगवाला मागाहून मान डोलवी. अण्णांनी पास केलेला ताका व्यापारी उघडूनही बघत नाहीत, अशी बोलवा होती. बोलवा पसरवण्यात अण्णांचाही थोडा हात असावा, पण ती खरी होती.

अशा माणसाला मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. चित्र आडव्या ओळींनी विणलेलं असतं. व्हीसीडीत दोनशे अठ्ठ्याऐंशी ओळी, म्हणजे जाडंभरडं मांजरपाट. डीव्हीडीत त्याच्या दुप्पट, पाचशे शहात्तर. बऱ्यापैकी पॉपलीन समजा. ब्लू-रेत एक हजार ऐंशी. तबकडी तेवढीच. वाचणारा किरण लालाचा निळा झाला, बारीक झाला, म्हणून तेवढ्याच जागेत वीण घट्ट बसली.

"ह्याची आणि एक जात निघाली हुती न्हवं?" त्यांनी विचारलं. चौकशी करून आले होते.

निघाली होती, मी म्हणालो. एचडी डीव्हीडी. दोन वर्षं दोघींची जुंपली आणि ती हरली. आपल्या गावातल्या एका वकिलानं तिचा प्लेअर पोराकडून अमेरिकेहून मागवला होता. सध्या त्यावर फुलदाणी असते.

अण्णा हसले नाहीत. मग मला खरं ते सांगणं भाग पडलं. ही व्हीसीडी ब्लू-रेवर काढता येईल, पण उपयोग शून्य. मूळचे धागे दोनशे अठ्ठ्याऐंशीच राहणार. तबकडी बदलली म्हणून मधले धागे कुठून येणार?

"मांजरपाट धुऊन मलमल हुत न्हाई. हे मला शिकिवतोस व्हय?" अण्णा म्हणाले. "मूळ ताका काढ की. तू तवा सांगितलंतंस, बारीक कॅमेऱ्यानं शूटिंग घेतलंय म्हणून."

सांगितलं होतं खरं. त्या लग्नाच्या महिनाभर आधी मी नवा हाय डेफिनिशन कॅमेरा घेतला होता आणि दिसेल त्याला सांगत सुटलो होतो. टेपवर एक हजार ऐंशी ओळी उमटत होत्या. त्या बघायला गावात यंत्र नव्हतं, म्हणून सगळं चाळून डीव्हीडीत आणि व्हीसीडीत कोंबायचं. मला कौतुक वाटलं ते ह्याचं, की मिक्सिंगच्या त्या चार दिवसांत, जेव्हा हा माणूस माझ्याशी धड बोलतही नव्हता, तेव्हाचं हे एक वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं.

"पण घाई कसली?" मी विचारलं.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मिरजेच्या डॉक्टरला दाखवलं होतं. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजत चाललाय. दोन्हीकडचा. दोन वर्षं झाली, म्हणाले. मधलं जातं, कडेचं राहतं. आणखी सहा महिने, फार तर वर्ष. मग चेहरा म्हणून काही कळायचं नाही.

"त्याच्या आदी एकदा बघतो," ते म्हणाले.

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते चार दिवस मी त्यांच्या शेजारी बसून काढले होते.

अण्णांच्या मुलाच्या, रमाकांतच्या लग्नात त्याची धाकटी बहीण वनिता करवली होती. करवली म्हणजे नवऱ्यामुलाची सावली. कऱ्हा घेऊन मागं उभी. जिथं नवरा तिथं ती. लग्नानंतर अकराव्या दिवशी वनिता घरातून गेली. रेपिअर म्हणजे बिनधोट्याच्या नव्या मागांचा एक फिटर होता, परजातीचा, सुरतेला काम धरलेला, त्याच्याबरोबर. गावानं महिनाभर तोंडसुख घेतलं. आणि त्याच आठवड्यात मी मिक्सिंगला बसलो असताना अण्णा दुकानात आले, स्टूल ओढलं आणि म्हणाले, जिथं ती हाय तिथं काप.

मी म्हणालो, अण्णा, करवली कापायची म्हणजे नवराच कापायचा. ते म्हणाले, मग काय करायचं ते तू बघ. मान तिरकी करून, काचेला जवळजवळ कान लावून ते बसले होते; मला वाटलं, रागानं. ताका पुढं सरकावा तसं चित्र सरकत होतं आणि अण्णांचं बोट काचेवर पडत होतं. इथं. हितं. ही बाही तिची. हा हात तिचा. जिथं कापता आलं तिथं कापलं. जिथं नाही आलं तिथं मी संगणकातलं फूल टाकलं. गुलाब, कमळ, एकदा तर फिरणारा नारळ. मंगलाष्टकांत नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर सहा मिनिटं एक कमळ उमलतंय. पुढं मला दोन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, खारग्यांच्या लग्नात जशी फुलं टाकलीत तशी आमच्यात का नाहीत?

आता अण्णांनी मला ती व्हीसीडी लावायला सांगितली. एकविसाव्या मिनिटाला थांब, म्हणाले. स्टेजमागं डेकोरेशनवाल्यानं नक्षीचा आरसा लावला होता. त्या आरशात अर्धा सेकंद कुणीतरी सरकून जातं. मी थांबवलं. चार-सहा चौकोन होते, एक गव्हाळ, दोन मोरपंखी. बाकी काही नाही.

"ही," अण्णा म्हणाले.

"हे त्या वेळी सुटलं होय आपल्याकडून?"

"तुझ्याकडनं सुटलं. मला दिसलं हुतं." त्यांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "ऱ्हाऊ दिलं."

चाळीस वर्षांत खारगेअण्णांनी जाणूनबुजून पास केलेला हा एकच दोष असणार. मी आत जाऊन माझी वही काढली.

पैशाची वही माझी बायको बघायची. माझी वही टेपांची. टेप महाग असायच्या, म्हणून रिवाज असा, की डिस्का दिल्यावर वर्षभर मूळ टेप ठेवायची आणि मग तिच्यावर दुसरं लग्न घ्यायचं. खारग्यांच्या लग्नाच्या चार टेपा. मी वाचत गेलो. पहिलीवर एका शाळेचं गॅदरिंग. दुसरीवर डोहाळजेवण. तिसरीवर, म्हणजे जिच्यात सगळी मंगलाष्टकं होती आणि वनिता एक तासभर अखंड उभी होती, तिच्यावर एका पतसंस्थेच्या चेअरमनची एकसष्टी. वनिता होती तिथं आता चेअरमन पेढा खात होते.

"फुलाखालचं काढता येईल का?" अण्णांनी विचारलं.

"फुलाखाली आता काही नाही, अण्णा."

ते मान हलवत राहिले. धागा नाही तर नाही. त्यांना दोनदा सांगावं लागत नसे.

चौथीपुढं मी लाल शाईनं लिहिलं होतं: 'सुरुवातीला चुरगळली, वापरू नये.' कॅमेऱ्यात अडकून तिची पहिली दोन मिनिटं खराब झाली होती. माझ्या कपाटात तेवढी एक टेप वाचली होती, ती नालायक ठरली म्हणून. तिच्यावर होतं जेवण, आहेर आणि पाठवणी.

अण्णांना परवा या म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्ध्यावर ओढून मी ती टेप संगणकात घेतली. वनिता जिथं जिथं आहे ते सगळं जोडलं. चौदा मिनिटं भरली. रायटर पहिल्यांदाच चालू झाला. मग प्लेअरवर लावून मी ते एकटाच बघत बसलो.

मी तीन वर्षांपूर्वी हेच चित्र वीतभर मॉनिटरवर पुढं ढकलत ढकलत पाहिलं होतं, कापण्याच्या नजरेनं. आता ते बत्तीस इंची पडद्यावर होतं. वनिताच्या केसात अक्षतेचा एक दाणा अडकलेला होता. नखांच्या कडांना हळद होती. वरच्या ओठावर घाम. व्हीसीडीत जे चार चौकोन होते, ती इथं बावीस वर्षांची पोरगी होती आणि तिला काहीतरी बोलायचं होतं.

आहेर चालला होता. अण्णा खुर्चीत बसून कुणीतरी दिलेला शर्टपीस चिमटीत धरून बघत होते. लग्नात आलेलं कापडसुद्धा हा माणूस तपासत होता. वनिता त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, हातात रिकामा तांब्या. ती अण्णांकडे बघत होती. एक मिनिट अठरा सेकंद, मी मोजले. मग ती एक पाऊल पुढं आली. तिचे ओठ हलले. अण्णांनी मान वर केली, सरळ तिच्याकडे. आणि तोंड फिरवलं. पार डावीकडे, कनातीकडे. तसंच फिरवलेलं ठेवलं. वनिता थोडी थांबली आणि तांब्या घेऊन आत गेली.

माणसं वाचण्यात मी स्वतःला हुशार समजत असे. सगळं गाव म्हणत होतं की खारगेअण्णांना काही ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब जुळवला: ठाऊक होतं. पोरगी सांगायला आली होती, बापानं तोंड फिरवलं, मग पोरगी गेली. अण्णांचे डोळे तेव्हा शाबूत होते. बिघाड दोनच वर्षांचा, हे त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे दिसत असून फिरवलं. त्या म्हाताऱ्याला हे पुन्हा दाखवायचं का, ह्यावर मी संध्याकाळपर्यंत विचार केला. तेवढं कापावं असंही वाटलं. पण त्या लग्नातलं आणखी काही कापायला माझा हात चालेना.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले, सकाळी अकराला, इस्त्रीचा सदरा घालून. मी त्यांना टीव्हीपासून हातभरावर बसवलं आणि डिस्क लावली. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी मान फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं.

"अण्णा, इकडे."

"बघतोय," ते म्हणाले. "सरळ बघितलं की मधी धूर येतोय. असं केलं की जरा कडंनं गावती."

एवढी बारीक वीण मी त्यांच्यासमोर आणून ठेवली होती आणि ती बघायला त्यांना तिच्याकडे पाठ केल्यासारखं बसावं लागत होतं. थोड्या वेळानं त्यांनी तोही प्रयत्न सोडला. "तूच सांग," म्हणाले.

मी सांगायला लागलो. साडी मोरपंखी. काठ केवढा, त्यांनी विचारलं. चार बोटं. जर खरी की खोटी? खोटीच असणार, मी म्हणालो. "खोटीच. मीच आणली हुती," ते म्हणाले. बारीक झालीया का? त्या दिवशी तर बारीकच दिसते, मी म्हणालो. हसती का? जेवणाच्या पंक्तीत हसते, रमाकांतच्या बायकोला घास भरवताना. मी अक्षतेच्या दाण्याबद्दलही सांगितलं. ते त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, कुठल्या बाजूला, कानाच्या वर की खाली.

मग आहेर आला.

"मी काय करतोय?"

"तुम्ही शर्टपीस बघताय."

"आणि ती?"

"तुमच्याकडं बघतीय."

"मग?"

"मग आत गेली," मी म्हणालो. मधलं मी गाळलं.

अण्णांचं तोंड कॅलेंडरकडेच होतं. "कोणतरी उभं हुतं तिथं, एवढं आठवतंय," ते म्हणाले. "नीट बघावं म्हटलं, तवर गेलं."

मला ते खोटं वाटलं. लाजेपोटी माणूस काय काय बोलतो, अशी मी मनात नोंद केली. त्या नोंदीची मला आज लाज वाटते.

पण त्या क्षणी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती आणि ती मी त्यांना सांगून टाकली. दोन हजार आठच्या दिवाळीत वनिताचा मला फोन आला होता. सुरतेहून. दादा, लग्नाच्या डिस्कची एक कॉपी मला करून पाठवाल का, म्हणाली. सगळी नको. मी वहीत तिचं नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि मग जागेवरच बसून राहिलो. दोनदा तिनं परत फोन केला, दोनदा मी होतंय, करतोय म्हणालो. कॉपी तासाभराचं काम. पण करवलीला मी कमळ झालेली करवली कशी पाठवणार होतो? तेव्हापासून ती नोंद माझ्या वहीत तशीच होती.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळी नको म्हणजे?"

"म्हणाली, अण्णा जिथं जिथं दिसतात तेवढंच काढून द्या."

त्यांनी कॅलेंडरकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"तेही देता आलं नसतं," मी म्हणालो. "त्या अख्ख्या डिस्कमध्ये तुम्ही दोन मिनिटं पण नाही, अण्णा. ती सारखी तुमच्या आसपास होती. तिला कापताना तुम्हीही गेलात."

अण्णांनी टोपी घातली, परत काढली. फोन लाव, म्हणाले. मी वहीतला नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. एका बाईनं गुजरातीत आणि मग हिंदीत सांगितलं की हा नंबर अस्तित्वात नाही. अण्णांनी मला पुन्हा लावायला लावला. मी सावकाश, एकेक आकडा मोठ्यानं वाचत लावला. ती बाई तेच म्हणाली.

"पत्ता?"

"घेतला नव्हता मी."

सुरत म्हणजे लाखो माग. तिथं एक फिटर शोधायचा म्हणजे ताक्यात एक धागा शोधण्यासारखं. पण अण्णांनी जन्मभर तेच केलं होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ही चौदा मिनिटं हायत ती काढ. सगळ्या तबकड्यांवर. तिच्या घरात कुठलं यंत्र हाय कुणास ठाऊक."

मी म्हणालो, ब्लू-रे तिच्याकडे असणं शक्य नाही. डीव्हीडी असेल कदाचित.

"व्हीसीडी पण काढ."

"व्हीसीडीत चेहरा कळणार नाही, अण्णा. तुम्ही बघितलंत ना, चौकोन नुसते."

"मी मला काय दिसतंय म्हणून पाठवतोय व्हय?" अण्णा म्हणाले. "बाप हाय तिचा. तिला चौकोनातबी कळंल."

इचलकरंजीहून सुरतेला रोज कुणी ना कुणी जातं. सुताचे दलाल, मागाचे सुटे भाग आणणारे, ट्रकवाले. लोणच्याच्या बरणीपासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळं त्यांच्या हाती जातं-येतं. अण्णा रोज सकाळी ट्रकच्या अड्ड्यावर जाऊ लागले. ज्या माणसाला मुलगी गेल्याचं कुणी तोंडावर बोलू शकत नव्हतं, तो आता अनोळखी ड्रायव्हरला थांबवून सांगायचा, माझी मुलगी हाय तिथं, वनिता नाव, नवरा रेपिअरचा फिटर, गावली तर एवढं द्या. मी डिस्का करत राहिलो. बहुतेक व्हीसीडीच, कारण त्या स्वस्त आणि कुठंही चालायच्या. वरच्या कागदावर माझ्या दुकानाचा नंबर. रमाकांतनं एकदा येऊन मला दटावलं, की वडिलांचं हसं होतंय. खरं होतं, होत होतं. अण्णांना ते बहुधा दिसत नव्हतं, किंवा त्यांनी तेही राहू दिलं होतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. अण्णांना आता दारातला माणूस आवाजावरून ओळखावा लागे. जानेवारीत एका दुपारी दुकानातला फोन वाजला. मागं मागांचा खडखडाट होता.

"अविनाशदादा ना? मी वनिता."

मी उभाच राहिलो. मिळाली का, एवढंच मला सुचलं. मिळाली, ती म्हणाली. एका ट्रकवाल्यानं कारखान्याच्या वॉचमनकडे दिली, वॉचमनच्या खोलीत महिनाभर पडली होती. व्हीसीडी. तिचा आवाज कोरडा होता. तिनं पाच-सहा वेळा पाहिली होती, म्हणाली.

"पण दादा, हे मला कशाला पाठवलंत? तो आहेराचा भाग. मी सांगायला गेले होते अण्णांना, त्या दिवशी सगळं सांगणार होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. ते मला पाठ आहे. ते परत बघायला पाठवलंय का त्यांनी?"

दोनशे अठ्ठ्याऐंशी ओळींच्या त्या मांजरपाटात तिला सगळं दिसलं होतं.

"अण्णांनी ते बघितलेलं नाही," मी म्हणालो. "त्यांना दिसत नाही, वनिता." आणि मी तिला मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं. मधलं जातं, कडेचं राहतं. ब्लू-रे लावली तेव्हा ते कसे बसले होते तेही सांगितलं. "समोरचं बघायचं असलं की त्यांना तोंड फिरवावं लागतं. तेव्हा कुठं थोडं दिसतं."

हे मी बोललो, आणि बोलता बोलता माझ्याच तोंडचं वाक्य माझ्या कानावर पडलं.

पलीकडे नुसते माग चालले होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"आता तीन वर्षं होतील, त्यांच्या सांगण्यावरून."

"नाही," ती म्हणाली. "नाही दादा. लग्नाच्या वर्षभर आधीपासून ते मला पेपर वाचायला लावायचे. रोज सकाळी. मला वाटायचं, लाडानं लावतात." मग तीच म्हणाली, "फोल्डिंगमधून काढतील म्हणून बोलले नसतील. घरात पण नाही."

मला आता आठवत होतं, की कनातीकडे तोंड करून ते चांगले दहा-बारा सेकंद तसेच बसले होते. तोंड फिरवलेला माणूस एवढा वेळ मान ताणून बसत नाही.

"आता दिवसभर कुठं बसतात?" तिनं विचारलं.

"दारात. खुर्ची टाकून."

"रस्त्याकडं तोंड करून?"

"होय."

"मग मी आले ना, की समोर नाही येणार," वनिता म्हणाली. "कडेला उभी राहीन."